अनामिकांचे कुलवृत्त

मनुष्य मृत्यू पावला म्हणजे त्याचे शरीर अग्नीच्या किंवा भूमीच्या स्वाधीन होते आणि त्याचे नाव मागे राहिलेल्यांच्या स्वाधीन होते. श्राद्धप्रसंगी पिंड द्यावयाचा तर नाव आणि गोत्र उच्चारावे लागते. न्यायालयात वारसा सांगावयाचा तर नाव आणि वंशावळ मांडावी लागते. ज्यांची नावेच हरपली त्यांची सोय आपल्या धर्मशास्त्राने आपल्या परीने करून ठेविली आहे. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्र उच्चारावे, तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्येस श्राद्ध करावे. ही सोय अंतःकरणाच्या मोठेपणाची आहे यात संशय नाही. परंतु हरपलेले नाव परत मिळवून देण्याचे साधन मनुष्याच्या हाती आताआताच आले आहे. हाडाच्या तुकड्यातील डीएनए वाचून तो कोणाच्या वंशाचा हे ठरविण्याची ही विद्या काय करू शकते, काय करू शकत नाही आणि तिच्यामुळे आपल्यासारख्या कुलवृत्तांत जपणाऱ्या समाजावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार एका गोमंतकीय उदाहरणाच्या आधारे करण्याचा आमचा हेतू आहे.

आम्ही ज्या चांदनीत राहतो ती बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे, आणि बऱ्हाणपुराने अस्थींच्या स्थलांतराची एक प्रसिद्ध कथा पाहिली आहे. इ. स. १६३१ च्या जून महिन्यात शाहजहानची बेगम मुमताज महल हिचा आपल्या चौदाव्या अपत्याच्या जन्मसमयी या शहरी अंत झाला. तापीच्या पैलतीरी जैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. बादशाहीचे लेखक सोबत होते. कोठून निघाले, कोठे पोहोचले, हे सारे लिहून ठेवले गेले. म्हणून ताजमहालात कोण विसावले आहे हा प्रश्न कोणास पडत नाही.

याच काळात एका दुसऱ्या राणीच्या अस्थी समुद्रमार्गे आपल्या गोव्यास आल्या. पण तिच्यामागे बादशाही दफ्तर नव्हते. ही राणी म्हणजे कॉकेशस पर्वताच्या कुशीतील जॉर्जिया देशाच्या काखेती राज्याची केतेवान. इराणचा शाह अब्बास पहिला याने तिला शिराज येथे कित्येक वर्षे अडकवून ठेविले होते. धर्मांतरास नकार दिला म्हणून १६२४ च्या सप्टेंबरात तिचा छळ करून वध करण्यात आला. शिराजमध्ये त्या वेळी ऑगस्टिनियन पंथाचे पोर्तुगीज पाद्री राहत असत. त्यांनी तिचे अवशेष गुप्तपणे मिळविले. त्यांतील काही भाग पुढे तिच्या मायदेशी पोहोचला व काही भाग १६२७ मध्ये जुन्या गोव्यातील त्यांच्या मठात आणून ठेवण्यात आला. जॉर्जियन चर्चने तिला संतपद दिले, आणि तिचा पुत्र राजा तैमुराझ याने तिच्या हौतात्म्यावर काव्य रचिले. वेगळ्या धर्माची, वेगळ्या देशाची ही स्त्री; परंतु आपला धर्म सोडण्याऐवजी तिने मरण पत्करले, हे तिचे धैर्य आमच्या वाचकांस अनोळखी वाटू नये. ज्यांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात कुशस्थळीहून मंगेश, केळशीहून शांतादुर्गा आणि वेर्ण्याहून म्हाळसा नदीपलीकडे नेऊन आपल्या देवांचे रक्षण केले, त्यांस परमुलुखात जपून नेलेल्या पवित्र वस्तूचे मोल वेगळे सांगावयास नको. तीच पोर्तुगीज सत्ता एका धर्माच्या देवळांचा उच्छेद करीत होती आणि त्याच सत्तेच्या आश्रयाचे पाद्री एका परक्या राणीच्या अस्थी जिवावर उदार होऊन जपत होते. इतिहास असा दुहेरी असतो. त्यातील एकच बाजू ठेवून दुसरी पुसणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाही.

ज्या मठात या अस्थी ठेविल्या त्याचे भाग्य पुढे फिरले. पोर्तुगीज सरकारने १८३५ मध्ये धार्मिक पंथांचे मठ बंद केले. सेंट ऑगस्टिनचा मठ ओसाड पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, त्याची घंटा काढून पुढे पणजीच्या चर्चवर बसविण्यात आली आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज सुमारे ४६ मीटर उंचीचा भग्न मनोरा तेवढा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी माती आणि जांभ्या दगडांचे ढिगारे शतकभर पडून होते. राणीचे नाव जॉर्जियात घरोघरी होते, पण तिच्या अस्थी त्या ढिगाऱ्याखाली निनावी झाल्या होत्या.

हा निनावीपणा फिटण्याचा आरंभ विज्ञानाने झाला नाही, कागदाने झाला, ही गोष्ट आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. पोर्तुगीज दस्तऐवजांत अवशेषांची जागा नमूद होती: मठातील अमुक प्रार्थनागृह, त्याची अमुक बाजू, दुसरी खिडकी, तेथील दगडी पेटी. या लेखी खुणांच्या आधारे १९८९ पासून जॉर्जियाचे अभ्यासक व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अधिकारी यांनी शोध चालविला. भिंती पडलेल्या, खिडक्या बुजलेल्या; प्रार्थनागृह कोणते आणि दुसरी खिडकी कोणती, हे ठरविण्यातच वर्षे गेली. अखेर २००४ नंतरच्या उत्खननात त्या परिसरात तीन अस्थिखंड मिळाले. परंतु त्याच मठात इतर धर्मपुरुषांचे अवशेषही ठेवले जात. मग यांतील राणीची अस्थी कोणती? की एकही नव्हे?

येथे हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राने काम हाती घेतले. डॉ. कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थीतील डीएनए वेगळा केला. तो कोणत्या प्रकारचा होता हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण आमच्या प्रतिपादनाचा गाभा तेथेच आहे. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या केंद्रकात आई व बाप या दोघांकडून आलेला डीएनए असतो. दर पिढीत त्याची नव्याने सरमिसळ होते, त्यामुळे दहाबारा पिढ्यांनंतर त्यातून एखाद्या विशिष्ट पूर्वजाचा माग काढणे दुष्कर होते. मात्र केंद्रकाबाहेर, पेशीला शक्ती पुरविणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म घटकांत, एक लहानसा स्वतंत्र डीएनए असतो. त्याची अक्षरे जेमतेम साडेसोळा हजार. तो केवळ आईकडूनच येतो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही तो मिळतो, पण पुढे चालतो तो मुलीकडूनच. आई, आजी, पणजी, खापरपणजी अशी ही अखंड स्त्रीपरंपरा. शिवाय एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून गोव्याच्या दमट मातीत चार शतके पडलेल्या हाडातही त्याचा काही अंश टिकतो.

तिन्ही अस्थींपैकी एकीची मातृरेषा वाचली असता ती 'यू-१-बी' या गटाची निघाली. भारतीय उपखंडातील बावीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या नमुन्यांशी ती ताडून पाहिली. एकाशीही जुळली नाही. जॉर्जियातील तीस व्यक्तींचे नमुने घेतले. त्यांपैकी दोघांत तोच गट आढळला. हा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात शास्त्रज्ञांनी ही अस्थी राणी केतेवानचीच आहे असे म्हटले नाही. ती तिची असण्याचा संभव आहे, एवढेच म्हटले. पुढे २०१७ मध्ये हे अवशेष काही काळ दर्शनासाठी जॉर्जियात पाठविण्यात आले. जुलै २०२१ मध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांतील एक भाग तिबिलिसी येथे जॉर्जियाच्या सरकारास व जनतेस कायमचा अर्पण केला.

'संभव आहे' या दोन शब्दांवर आम्हां वकिलांनी थोडे थांबले पाहिजे. केवळ डीएनए पाहिला तर सिद्ध काय होते? एवढेच की ही अस्थी अशा व्यक्तीची आहे जिची मातृपरंपरा हिंदुस्थानची नसावी आणि जॉर्जियाच्या बाजूची असावी. ती व्यक्ती राणी होती, १६२४ मध्ये मेली, शिराजला मेली, यातले एकही अक्षर त्या डीएनएत लिहिलेले नाही. केवळ कागद पाहिला तर सिद्ध होते ते एवढेच की राणीचे अवशेष या मठात कोठेतरी आले होते. केवळ उत्खनन पाहिले तर हाती येतात तीन निनावी हाडे. तिन्ही पुरावे स्वतंत्रपणे अपुरे आहेत. परंतु तीन वेगळ्या दिशांनी येऊन ते एका बिंदूवर मिळतात. परिस्थितिजन्य पुराव्याची कसोटी हीच आहे. महाराष्ट्रातील एका प्रकरणात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पाच तत्त्वांत सांगितली: प्रत्येक दुवा पक्का हवा, साखळी पूर्ण हवी आणि इतर कोणत्याही तर्कास वाव राहता कामा नये. फौजदारी न्यायाची ती कठोर कसोटी इतिहासास जशीच्या तशी लागू होत नाही. पण साखळीचे तत्त्व दोहोंकडे एकच. 'डीएनएने सिद्ध झाले' असे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा, त्या डीएनएसोबत कोणता कागद आणि कोणती जागा उभी होती, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या समाजात कुलवृत्तांतांची परंपरा मोठी आहे. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, त्यांच्या शाखा, स्थलांतराची गावे, कुलदेव व पालवी यांची नोंद कित्येक घराण्यांनी परिश्रमपूर्वक केली आहे. पोर्तुगीज अमदानीतील देवस्थानांच्या नियमावलीप्रमाणे ठेवलेल्या महाजनांच्या याद्याही आहेतच. परंतु या साऱ्या नोंदी पुरुषवंशाच्या आहेत. घरात आलेली सून 'भार्या अमुक' एवढ्याच शब्दांत उरते. बहुधा सासरचे बदललेले नावच उरते. तिचे माहेर कोणते, ज्याला कोंकणीत कुळार म्हणतात ते गाव कोणते, तिची आई कोण, आजोळ कोणते, याची ओळ रिकामी असते. आणि लेक लग्न होऊन गेली की वंशवृक्षाची ती फांदी तेथेच तोडली जाते. केतेवानची ओळख ज्या धाग्याने पटली, तोच धागा आम्ही आमच्या ग्रंथांतून पिढ्यान् पिढ्या गाळत आलो आहोत.

याचे महत्त्व इंग्लंडच्या इतिहासातील एका प्रकरणाने अधिक स्पष्ट होईल. राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली रणांगणात पडला. २०१२ मध्ये लेस्टर शहरातील एका मोटारतळाखाली एक सांगाडा मिळाला. राजास संतती उरली नव्हती, म्हणून संशोधकांनी त्याच्या ॲन नावाच्या बहिणीपासून लेकीच्या लेकी अशी मातृरेषा कागदपत्रांतून आजपर्यंत उतरविली. त्या रेषेतील दोन हयात व्यक्तींशी सांगाड्याची मातृरेषा जुळली. मग पितृरेषाही तपासली. बापाकडून केवळ मुलाला मिळणारे वाय गुणसूत्र त्याच राजकुलाच्या पुरुषवंशातील पाच हयात गृहस्थांशी ताडून पाहिले, तर ते जुळले नाही. कागदावरील पुरुषवंश कोठेतरी खंडित झाला होता. २०१४ मध्ये हे सारे प्रसिद्ध झाले. राजघराण्याची वंशावळ ती. तिच्याइतकी काळजीने लिहिलेली वंशावळ क्वचितच असेल. तरीही बापाच्या बाजूचा कागद चुकला आणि आईच्या बाजूचा खरा ठरला.

हे वाचून कोणी आपापल्या कुळाची पितृरेषा तपासावयास धावू नये, असे आम्ही आग्रहाने सांगू. गोत्र ही धर्माची व परंपरेची संस्था आहे. दत्तक पुत्रास दत्तक पित्याचे गोत्र मिळते आणि विवाहित स्त्रीस पतीचे. तेथे रक्ताचा प्रश्नच येत नाही. डीएनए गोत्राचा दाखला देऊ शकत नाही, आणि गोत्रास त्याच्या दाखल्याची गरजही नाही. कुळाच्या शुद्धतेची प्रौढी मिरविण्यासाठी या विद्येचा आश्रय करणाऱ्याची निराशाच होईल. आजच्या बहुतेक भारतीय समाजांत दोन मोठ्या प्राचीन लोकसमूहांची सरमिसळ सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी झाली, असा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या संशोधनाने काढला, त्यातही हैदराबादच्याच केंद्राचा सहभाग होता.

केतेवान आणि रिचर्ड यांच्या बाबतीत संशोधकांना कोणास शोधावयाचे हे आधी ठाऊक होते. २०१८ मध्ये या विद्येने आणखी एक पाऊल टाकले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सत्तरच्या व ऐंशीच्या दशकांत अनेक खून करून बेपत्ता झालेल्या एका गुन्हेगाराचा डीएनए पोलिसांनी जपून ठेवला होता. तो कोणाचा हे मात्र कोणासच ठाऊक नव्हते. आपले पूर्वज शोधण्याच्या हौसेने हजारो लोकांनी आपला डीएनए जेथे स्वखुशीने नोंदविला होता, अशा एका संग्रहाशी तो ताडून पाहण्यात आला. गुन्हेगार स्वतः त्यात नव्हता. त्याचे दूरचे चुलत नातलग होते. त्यांच्या समान पूर्वजांपर्यंत वंशवृक्ष वर नेऊन, पुन्हा सर्व शाखांनी खाली उतरत संशोधक एका वृद्ध माजी पोलीस शिपायापर्यंत पोहोचले, आणि २०२० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. त्याच पद्धतीने तेथे अनेक बेवारस मृतांना त्यांची नावे परत मिळाली आहेत. २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले की एखाद्या समाजातील शेकडा दोन माणसांची नोंद असली तरी बहुतेक प्रत्येकाचा कोणी ना कोणी, निदान समान खापरपणजोबा असलेला, नातलग सापडू शकतो.

या पद्धतीचा लाभ काय, हे आमच्या भागात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. खंडवा–भुसावळ लोहमार्ग आमच्या बाजूने जातो. लोहमार्गाच्या कडेला अनोळखी मृतदेह सापडणे, पंचनामा होणे, कपड्यांचे व खुणांचे वर्णन कागदावर उतरणे आणि अखेर 'अनोळखी इसम' या नावाने अंत्यविधी उरकणे, हे फौजदारी कामाशी संबंध असलेल्या कोणत्याही वकिलास परिचित आहे. अशा प्रत्येक कागदाच्या मागे कोठेतरी एक घर असते, आणि त्या घरी कोणी वाट पाहत असते. ती पत्नी सौभाग्यलेणी ठेवावी की उतरावी हे ठरवू शकत नाही; मुलगा श्राद्ध करू शकत नाही; वारसाची नोंद अडून राहते. कायदा त्यांना सात वर्षे थांबावयास सांगतो आणि मगच मृत्यूचे अनुमान करू देतो. हरवलेल्या व्यक्ती व अनोळखी मृतदेह यांच्या डीएनएच्या स्वतंत्र सूची ठेवण्याची तरतूद २०१९ च्या डीएनए विधेयकात होती. ते विधेयक जुलै २०२३ मध्ये सरकारने लोकसभेतून मागे घेतले. त्यात दोष होते, त्यावर टीकाही झाली. परंतु वाट पाहणाऱ्या घरांचा प्रश्न विधेयकाबरोबर मागे घेता येत नाही.

तथापि या लाभास दुसरी बाजू आहे. आपल्याकडे शतकानुशतके ठराविक ज्ञातींत व ठराविक घराण्यांत विवाहसंबंध होत आले. त्यामुळे एका लहान समाजातील माणसे एकमेकांशी अनेक वाटांनी नातलग असतात. अशा समाजात दूरचा नातलगही जवळचा भासतो व निष्कर्ष चुकण्याचा धोका वाढतो. उलट पक्षी, छापील कुलवृत्तांत ज्याच्या हाती आहे त्याला एकाच व्यक्तीच्या डीएनएवरून संपूर्ण घराण्याचा माग काढणे सोपे जाते. ज्याने आपली लाळ कुपीत भरून परदेशी कंपनीस पाठविली त्याने केवळ स्वतःचे गुपित दिले नाही. भाऊ, चुलते, मामा, न जन्मलेली नातवंडे, या सर्वांचे दिले. हिंदू कायद्यातील अविभक्त मिळकतीचे तत्त्व आम्हांस येथे आठवते. मिताक्षरेप्रमाणे सहदायादास एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील आपला अविभक्त हिस्सा इतरांच्या संमतीवाचून दान करता येत नाही. डीएनए ही त्याहूनही अविभक्त अशी मिळकत आहे, कारण तिची वाटणी कधीच होऊ शकत नाही.

न्यायालयांनीही या बाबतीत संयम राखला आहे. वैवाहिक संबंध चालू असताना जन्मलेले मूल पतीचेच मानावे, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ११६ म्हणून कायम आहे. केवळ संशयावरून रक्ततपासणीचा हुकूम सरसकट देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले. डीएनएचा निर्विवाद अहवाल समोर असताना गृहीतकाने सत्यावर मात करू नये, असेही त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले. २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, आणि २०२३ मध्ये आईबापांच्या भांडणात मुलाच्या जन्माची सहज चौकशी होऊ न देण्याचा मुलाचा हक्क न्यायालयाने मान्य केला. या निर्णयांतून दिसते ते असे की न्यायालय सत्याला भीत नाही. सत्य कोणासाठी मागितले जात आहे एवढे मात्र ते विचारते. मृतास नाव देण्यासाठी मागितलेले सत्य आणि जिवंतास कलंक लावण्यासाठी मागितलेले सत्य एकाच मापाने मोजता येत नाही.

या विवेचनावरून आमच्या देवस्थानांच्या महाजनांस व कुलवृत्तांत मंडळांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की पुढील आवृत्तीत प्रत्येक विवाहित स्त्रीच्या नावापुढे तिचे माहेरचे नाव, आईचे नाव आणि आजोळ यांची नोंद व्हावी, आणि लेकींच्या शाखाही जेथवर माहिती मिळेल तेथवर उतराव्यात. वयोवृद्ध स्त्रियांना ही माहिती मुखोद्गत असते. त्यांच्याबरोबर ती जाण्यापूर्वी ती लिहून घेतली पाहिजे. यास प्रयोगशाळा लागत नाही, वही आणि लेखणी पुरते. दुसरी अशी की घरातील कोणी आपला डीएनए बाहेर द्यावयाचा असेल तर तो निर्णय घराने एकत्र बसून घ्यावा. कोणाकडे द्यावयाचा, कशासाठी आणि परत मागता येईल की नाही, हे आधी विचारावे. हरवलेल्या आप्ताचा शोध हे कारण असेल तर कोणीही नाही म्हणू नये. निव्वळ कुतूहल असेल तर थांबावे.

शिराजहून निघालेली एक अस्थी गोव्याच्या मातीत निनावी पडली आणि चार शतकांनी आपल्या देशी परत गेली. तिच्यासाठी एका पाद्र्याने चार ओळी लिहून ठेविल्या होत्या आणि तिच्या आईने तिला एक धागा दिला होता, म्हणून हे घडले. तो धागा प्रत्येकास जन्मतःच मिळतो. त्या चार ओळी मात्र कोणीतरी लिहाव्या लागतात.